रेघेच्या वरचं पाणी

सकाळी साडेनऊला मी ड्रमचं झाकण उचललं, तर पाणी रेघेच्या वर होतं.

रेघ मीच मारली होती. आदल्या संध्याकाळी निघताना, ड्रमच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीने, कुणाच्या सहज नजरेस पडू नये अशी. या ड्रममधलं पाणी फक्त खाली जाऊ शकत होतं. रात्रीतून ते निदान चार बोटं उतरायला हवं होतं. ते तीन बोटं चढलं होतं.

म्हणजे कुणीतरी त्यात काहीतरी ओतलं होतं. आणि त्या खोलीच्या दोनच किल्ल्या होत्या. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी आग्रेमामांच्या कमरेला.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा सागरी संशोधन केंद्रात नोकरीला लागले होते. केंद्र म्हणजे चिऱ्याच्या चार खोल्या. त्यातली सर्वांत मोठी खोली टाकीची. दोन हजार लिटर खारं पाणी, आणि त्यात जिवंत प्रवाळांचे बेचाळीस तुकडे. ते आमचे नव्हते. परदेशातून चोरून आणलेला तो माल एका बंदरात पकडला गेला होता. खटला उभा राहिला, आणि निकाल लागेपर्यंत मुद्देमाल जिवंत ठेवावा, असा कोर्टाचा आदेश झाला. प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची चकती बांधलेली होती. ताबापावतीवर सही माझी होती.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. पाण्यातला चुना ओढून घेऊन तो आपलं घर बांधतो. समुद्रात त्याला चुन्याची ददात नसते. बंद टाकीत मात्र चुना संपत जातो, आणि तो बाहेरून पुरवावा लागतो. आमच्याकडे तो चुन्याच्या निवळीतून दिला जाई. शाळेत आपण नळीने फुंकर मारून जी दुधाळ करतो, तीच निवळी. एका ड्रममध्ये चुना कालवायचा, रात्रभर तो बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी तेवढं दुसऱ्या ड्रममध्ये काढून घ्यायचं. खालचा पांढरा गाळ टाकीत जाता कामा नये. या दुसऱ्या ड्रमची बारीक नळी टाकीखालच्या हौदात सोडलेली होती. तिच्या तोंडाशी घरच्या पाण्याच्या टाकीला असतो तसा छोटा बॉलकॉक. टाकीतलं जेवढं पाणी वाफ होऊन उडेल, तेवढीच निवळी थेंबथेंब आत यायची.

केंद्राच्या प्रमुख डॉ. शैलजा तेलंग यांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं की निवळी हे औषध आहे आणि विषही. ती अंगावर उडाली तर कातडी सोलते. टाकीत एकदम गेली तर पाण्याचा पीएच चढतो, आणि मग पाण्यातला सगळा चुना भुकटी होऊन बाहेर पडतो. पीएच आठ पूर्णांक दोन ते आठ पूर्णांक चारच्या मध्ये ठेवायचा. आठ पूर्णांक पाच दिसला की नळी बंद करायची, विचार नंतर करायचा.

त्या एप्रिलमध्ये मॅडम दोन महिन्यांसाठी कोचीनला गेल्या होत्या आणि केंद्र माझ्या हाती होतं. माझ्या हाती म्हणजे मी, दाराशी एक पहारेकरी, आणि आग्रेमामा.

शांताराम धोंडू आग्रे केंद्राचे अटेंडंट होते. निवृत्तीला त्यांचे अडीच महिने उरले होते. काचा पुसणं, समुद्राचं पाणी आणणं, पंप धुणं ही त्यांची कामं. त्यांच्या वडिलांची खाडीवर चुन्याची भट्टी होती. तिथे शिंपल्या भाजून चुना करत, आणि मामांचं लहानपण त्या भट्टीवर गेलं होतं. त्यांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची गुळगुळीत खूण होती. बोलणं कमी. विचारलं तर सांगायचे, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचे नाहीत.

रेघेच्या वर पाणी दिसलं त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही. ड्रममधलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि दार लावून प्रयोगशाळेत तपासलं. निवळी निम्म्याने पातळ झालेली होती. पुन्हा तपासलं. उत्तर तेच आलं. कुणीतरी तिच्यात साधं पाणी मिसळत होतं.

चुना जास्त घातला असता तर पीएच चढला असता आणि लगेच लक्षात आलं असतं. पातळ निवळी गुपचूप काम करते. प्रवाळाला चुना कमी पडतो आणि तो दिवसेंदिवस खंगत जातो. मग एके दिवशी पांढरा पडतो, आणि केव्हा काय चुकलं हे कुणालाच सांगता येत नाही. हे ज्याला सुचलं त्याला चुना चांगला कळत असणार, हे माझ्या मनात आलं आणि तिथेच रुतलं.

आरोपी व्यापाऱ्याच्या वकिलाने कोर्टात दोनदा अर्ज केला होता की मुद्देमाल मेलेला असावा, तो हजर करावा. माल मेला तर खटल्यात फारसा दम उरणार नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि आता मामांच्या प्रत्येक हालचालीला त्याचा रंग चढला. ते सकाळी माझ्या आधी अर्धा तास का येतात? मी खोलीत शिरले की बादली बाजूला का सरकवतात? गुरुवारी दुपारी मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी एक माणूस मोटारसायकल घेऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गावातला वाटत नव्हता. त्याने खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी मामांच्या हातात दिलं. मामांनी ते बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि इमारतीकडे वळून पाहिलं. मी खिडकीतून मागे सरले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी मी साडेआठलाच केंद्रावर गेले, चपला हातात घेऊन व्हरांड्यातून टाकीच्या खोलीपर्यंत आले. दार अर्धं उघडं होतं. मामा ड्रमवर वाकले होते. एका हाताने झाकण तोललेलं, दुसऱ्या हाताने बादलीतलं पाणी ते संथपणे आत सोडत होते. बादली रिकामी झाल्यावर त्यांनी झाकण लावलं, त्याची कड फडक्याने पुसली आणि टाकीच्या काचेशी जाऊन कितीतरी वेळ आत पाहत उभे राहिले. मी आल्या पावली परतले, आणि नऊला, रोजच्या वेळेला, चपला वाजवत आले.

मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी टाकीचे आकडे विचारले. मी वही उघडून वाचून दाखवले. पीएच आठ पूर्णांक तीन, कॅल्शियम ठीक, सगळं ठीक. त्या म्हणाल्या, "आकडे चांगले आहेत तर आधी त्यांना विचार ना."

मी म्हणाले, आकडे आज चांगले आहेत, महिन्याभराने नसतील. आणि विचारलं तर ते सावध होतील. माझ्याजवळ प्रयोगशाळेतला पुरावा आहे, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मॅडम म्हणाल्या, तिथे तू आहेस, तू ठरव. मी मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार पाठवली. "मुद्देमालाला हेतुपुरस्सर हानी पोहोचवण्याचा प्रयत्न" असं त्यात लिहिलं. हे शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. शनिवारी सकाळी फॅक्सने उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत आग्रे यांना सक्तीच्या रजेवर पाठवावं.

मामा तेव्हा व्हरांड्यात पंप धूत बसले होते.

"मामा, टाकीच्या खोलीची किल्ली द्या."

त्यांनी हात पुसले, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी फॅक्सचा कागद पुढे केला. त्यांनी तो न वाचता घडी करून खिशात ठेवला. घरी वाचतो, म्हणाले.

"वाचायचं काय, मीच सांगते. सोमवारपासून यायचं नाही. चौकशी होणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळे माझा संशय आणखीच पक्का झाला.

"निवळी कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"निवळी आपोआप चालते."

"बाई, ड्रम भरताना तेवढं—"

"तुम्ही आता यात लक्ष घालू नका."

ते थांबले. पंप जुळवून जागेवर ठेवला, बादली पालथी घातली आणि फाटकातून बाहेर पडले.

सोमवारी शहरात कोर्टाची तारीख होती. मला साक्षीला जायचं होतं. रविवारी निघण्याआधी मी पातळ निवळी फेकून दिली आणि ड्रम नव्या, पुऱ्या ताकदीच्या निवळीने काठोकाठ भरला. खिडक्यांना आतून कड्या घातल्या. दाराला नवं कुलूप लावलं, बाजारातून मुद्दाम आणलेलं, एकाच किल्लीचं. पहारेकऱ्याला सांगितलं, कुणालाही आत सोडायचं नाही, आग्रे आले तर मुळीच नाही. मग दुपारची एसटी पकडली. कितीतरी दिवसांनी माझं डोकं हलकं झालं होतं.

सोमवारी न्यायाधीशांनी मला शपथेवर विचारलं, मुद्देमाल जिवंत आहे का? मी म्हणाले, बेचाळीसच्या बेचाळीस.

मंगळवारी अकरा वाजता मी परतले. कुलूप जसंच्या तसं होतं. पहारेकरी म्हणाला, कुणी फिरकलंही नाही. मी दार उघडलं.

टाकी पांढरी झाली होती. पातळ ताकासारखं पाणी. काचेला नाक लावलं तरी वीतभर आतलं दिसेना. पंपांवर, नळ्यांवर पांढरी पुटं चढली होती. शेवाळ खायला टाकीत सोडलेले दोन मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत-मिटत होते. सर्वांत पुढचा प्रवाळ, मेंदूसारख्या वळ्यांचा, आक्रसून गेला होता आणि त्याच्या अंगावरून चिकट धागे सुटत होते. मी मीटरने पीएच घेतला. आठ पूर्णांक नऊ.

नळी बंद केली. तेवढंच मला सुचलं. मग मी तशीच मामांच्या घराकडे निघाले.

त्यांचं घर काजूच्या बागेपलीकडे, दहा मिनिटांच्या वाटेवर होतं. ते पडवीत सुपारी सोलत बसले होते. त्यांच्या बायकोने मला पाहून पाण्याचा तांब्या आणला, आणि माझा चेहरा पाहून तो खाली ठेवून ती आत गेली.

"दुसरी किल्ली कुणाला करून दिलीत?" मी विचारलं.

मामांनी सुरी बाजूला ठेवली. "पाणी दुधासारखं झालं का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची. आत निवळी नि टाकी, दोघंच होती." ते उठून उभे राहिले. "पंखे चालू ठेवून गेलात?"

पंखे. महिन्याच्या सुरुवातीला पाण्याचं तापमान तिशीपार गेलं, तेव्हा टाकीवर दोन मोठे पंखे मीच बसवून घेतले होते. ते रात्रंदिवस चालू होते.

"आणि खिडक्या? त्या पण लावल्यात?"

मी होकारार्थी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. एखाद्या अनोळखी माणसाला रस्ता सांगावा तसं सांगितलं. पंखे लागल्यापासून पाणी दुप्पट उडायला लागलं. पाणी दुप्पट उडालं की बॉलकॉक दुप्पट उघडतो, म्हणजे निवळीही दुप्पट. चौथ्या दिवशी पंप धुताना त्यांच्या हाताला पांढरी साय लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून ते रोज सकाळी ड्रममध्ये आदल्या दिवशी पडलेल्या नव्या निवळीचा अंदाज घेऊन ती निम्म्या ताकदीची होईल एवढं गाळलेलं साधं पाणी घालत होते. पाणी दुप्पट जाऊ दे, चुना पूर्वीएवढाच जायचा. खिडकीतून येणारी ताजी हवाही चुन्याचा जोर मारते. तीही मी बंद केली होती.

"मला सांगायचं नाही का, मामा?"

"सांगितलं होतं. पंखे लागले त्याच आठवड्यात. ड्रम लवकर संपतोय, म्हटलं. तुम्ही वहीत लिहीत होतात. म्हणालात, उन्हाळा आहे, पाणी उडणारच, तुम्ही काचा पुसून घ्या."

मला आठवत नव्हतं. पण मी तसंच म्हणाले असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. मी तशीच बोलत असे. आणि वहीतले ते चांगले आकडे, जे मी मॅडमना फोनवर वाचून दाखवले होते, ते चांगले का होते, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

मामांनी सदरा चढवला. फळीवरची डबी घेतली. ती गुरुवारच्या त्याच खाकी कागदात होती, वर शहरातल्या चष्म्याच्या दुकानाचा शिक्का. कागद सोडून त्यांनी आतला नवा चष्मा डोळ्यांवर लावला. म्हणाले, "चला. तो मीटर मला आता वाचता येतो."

वाटेत मी पोस्टाजवळच्या बूथवरून मॅडमना फोन केला. त्या ओरडल्या नाहीत. पाण्यात कार्बन डायऑक्साइड घालावा लागेल, पण हळूहळू, एकदम खाली आणलंस तर उरलेलेही जातील, असं सांगून त्यांनी विचारलं, नळकांडं आहे का? नव्हतं. मी ते मामांना सांगितलं.

"सोड्यात असतो तोच ना?" ते म्हणाले. आणि समोरच्या दुकानातून गोटी सोड्याचा क्रेट उचलून आणला. साधा सोडा, मीठ-साखर नसलेला. एक बाटली फोडून, चव घेऊन त्यांनी खात्री केली.

दुपारी एकपासून संध्याकाळी सहापर्यंत आम्ही दोघं त्या खोलीत होतो. खिडक्या उघडल्या. ते बाटली फोडायचे आणि टाकीखालच्या हौदात, प्रवाळांपासून दूर, बारीक धारेने सोडायचे. मी पाव तास थांबून मीटर वाचायचे. आठ पूर्णांक आठ. आठ पूर्णांक सात. मध्येच ते हात वर करायचे आणि आम्ही अर्धा तास नुसते बसायचो. सहाला आकडा आठ पूर्णांक चारवर आला, आणि पाण्यातून मागची भिंत अंधुक दिसायला लागली.

अकरा प्रवाळ मेले. मेंदूसारखा तो पहिल्याच रात्री गेला, बाकीचे आठवड्याभरात. एकतीस जगले. खटल्याला तेवढे पुरले. पुढे दीड वर्षाने व्यापाऱ्याला शिक्षा झाली. पण शपथेवर "बेचाळीसच्या बेचाळीस" म्हणाले, त्या क्षणी टाकीत काय चाललं होतं, याचा हिशेब मला कोर्टाने विचारला नाही, आणि मी तो कुणाला दिला नाही.

मुख्य कार्यालयाला मी फोनवरून कळवलं की तक्रार मागे घेते. ते म्हणाले, ठीक आहे, त्यांना कामावर घ्या, कागद फायलीत राहील. मी मामांना निरोप पाठवला. ते आले, पण काचांचं फडकं उचलण्याआधी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"छत्तीस वर्षांत माझ्या फायलीत एकच कागद गेला. तो तुमचा," ते म्हणाले. "तोंडी मागे घेऊ नका. लिहून द्या."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मी त्यांच्यासमोरच लिहायला घेतलं. पंखे बसवल्यामुळे बाष्पीभवन वाढलं. त्याची दखल मी घेतली नाही. श्री. आग्रे यांनी निवळी सौम्य करून टाकी सुरक्षित ठेवली होती. त्यांना दूर केल्यावर झालेल्या नुकसानीला मी जबाबदार आहे. त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार गैरसमजातून झाली होती, ती मी मागे घेते. सही करून मी कागद त्यांच्याकडे दिला.

त्यांनी तो ओळीवर बोट फिरवत वाचला. शेवटाकडे येऊन बोट थांबलं.

"हा शब्द बदला."

"कुठला?"

"गैरसमज. दोन माणसं बोलतात, त्यातून होतो तो गैरसमज." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि त्या शब्दावर बोट टेकवलं. "तुम्ही मला विचारलंच नाही, बाई. इथे संशय लिहा."

मी तो शब्द खोडला, वर संशय लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी पुन्हा एकदा सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. मग फडकं खांद्यावर टाकून ते टाकीच्या खोलीकडे गेले.